प्रश्न वाचकांचे : कमी खर्चाच्या भयपटांची ओढ

मोठ्या निर्मिती संस्थेच्या आधाराविना, थोडक्या पैशांत तयार झालेल्या भयपटांविषयी आम्ही मागील अंकात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि हुक्केरी या भागांतून पत्रे आली. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. नावे न छापण्याची विनंती बहुतेकांनी केली असल्यामुळे केवळ गावांचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : मी जांबोटी परिसरात शिक्षिका आहे. आषाढातल्या एका रात्री भाच्याने लॅपटॉपवर ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ हा चित्रपट लावला. त्यात चेटकीण शेवटपर्यंत दिसत नाही. तरीही पुढचे दोन दिवस दिवेलागणीनंतर मागच्या दारी जाण्याचा मला धीर झाला नाही. त्याआधी महिनाभर बेळगावच्या मल्टिप्लेक्समध्ये पाहिलेला कोट्यवधींचा भयपट मात्र मी घरी पोहोचेपर्यंत विसरले होते. असे का व्हावे? (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : आपण ‘मागच्या दारी’ असे लिहिले आहे, तेथूनच सुरुवात करतो. मोठ्या खर्चाचा भयपट आपल्याला एका भव्य वाड्यात नेतो, तेथील भूत दाखवतो आणि खेळ संपला की ते भूत त्या वाड्यातच ठेवून आपल्याला घरी पाठवतो. ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्या दिग्दर्शकाला असा वाडा उभारता येत नाही. तो कुणाच्या तरी राहत्या घरात, गावाबाहेरच्या रानात किंवा साध्या लाकडी दारासमोर कॅमेरा ठेवतो, आणि तसे दार आपल्याही घराला असते. त्यामुळे चित्रपट संपला तरी ती जागा आपल्याला सोडून जात नाही.

आपण पाहिलेला चित्रपट १९९९ साली प्रदर्शित झाला. त्याचे चित्रीकरण ऑक्टोबर १९९७ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या जंगलात अवघ्या आठ दिवसांत झाले होते. डॅनियल मिरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोन दिग्दर्शकांनी तिघा अनोळखी कलाकारांच्या हाती कॅमेरे दिले आणि त्यांना रानात सोडले. रोज कोठे पोहोचायचे आणि प्रसंगात काय साधायचे याच्या सूचना चिठ्ठ्यांतून मिळत. संवाद कलाकारांनी स्वतः बोलायचे होते. दिवस जातील तसे त्यांचे जेवण कमी केले जाई आणि रात्री तंबूबाहेर दिग्दर्शक मंडळीच आवाज करीत. पडद्यावर दिसणारा थकवा, चिडचिड आणि गारठा यांतील बराचसा भाग त्यामुळे खरा आहे. या चित्रीकरणाला एक लाख डॉलरांहूनही कमी खर्च आला. प्रदर्शनाच्या तयारीत आणि जाहिरातीत पुढे बरीच भर पडली, हेही सांगितले पाहिजे. जगभरातून चित्रपटाने सुमारे पंचवीस कोटी डॉलर मिळवले.

परंतु कलाकार खरोखर थकले होते, एवढ्याने प्रेक्षक घाबरत नाही. आपल्याला घाबरवले ते आपल्या कानांनी. अंधारात डोळ्यांचे काम कानांवर येऊन पडते, आणि डोळे जसे एका दृष्टिक्षेपात निर्णय देतात तसा निर्णय कानांना देता येत नाही. ‘काहीतरी आहे’ एवढेच ते सांगतात. ते काय आहे हे ठरवण्याचे काम मनाकडे जाते, आणि मनापाशी बालपणापासून साठवलेल्या सगळ्या गोष्टी तयार असतात.

एक अनुभव सांगतो. मलप्रभेचा उगम जेथे होतो त्या कणकुंबीत, पावसाळ्यातल्या एका रात्री मी एका स्नेह्यांच्या कौलारू घरी मुक्कामाला होतो. बाहेर पडवीच्या कडेला एक पातेले पालथे घातलेले होते आणि पागोळ्यांचे पाणी त्यावर एका ठेक्यात पडत होते. तासाभराने तो आवाज मला ऐकू येईनासा झाला, इतका तो अंगवळणी पडला. मग मध्यरात्री केव्हातरी त्याचा नाद बदलला. चार-पाच थेंब बोथट वाजले आणि पुन्हा पातेले पूर्ववत खणखणू लागले. थेंब आणि पातेले यांच्यामध्ये काहीतरी येऊन गेले होते. कुत्रे असेल, असे सकाळी घरची मंडळी म्हणाली, आणि ते कुत्रेच असणार. पण त्या क्षणी मी अंथरुणात उठून बसलो होतो आणि माझ्या मनात कुत्रे आले नव्हते. भयपटाचा सगळा कारभार त्या चार-पाच बोथट थेंबांत आहे, असे मला तेव्हापासून वाटते. आधी एक ठेका कानांच्या अंगवळणी पडू द्यायचा, नंतर तो किंचित बिघडवायचा. यासाठी पैसे फारसे लागत नाहीत. संयम मात्र पुष्कळ लागतो.

या युक्तीचे एक जुने उदाहरण १९४२ सालच्या ‘कॅट पीपल’मध्ये आहे. तो स्वतंत्र चित्रपट नव्हता, आरकेओ या स्टुडिओच्या स्वस्त चित्रपटांच्या विभागात निर्माते व्हॅल ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक टुर्नर यांनी तो केला होता. परंतु पैशांची चणचण तीच होती. माणसाचे श्वापद होताना दाखवणे त्यांना परवडणारे नव्हते. म्हणून रात्री एकटी चालणारी एक स्त्री, तिच्या मागून येणारी पावले, आणि मग एकाएकी थांबलेली ती पावले, एवढेच त्यांनी ऐकवले. ती स्त्री मागे वळून पाहते आणि त्याच क्षणी फुत्कार टाकत पडद्यावर शिरते ती शहरातली एक बस. प्रेक्षक दचकतो तो बसमुळे. पण त्याला खरी भीती वाटलेली असते ती पावले थांबल्यापासून. आजही चित्रपटसृष्टीत अशा खोट्या दचक्याला ‘ल्यूटन बस’ असेच म्हणतात.

आपण कर्नाटकात राहतो, तेव्हा घरचे उदाहरणही घेऊ. १९९० च्या दशकात या राज्यात ‘नाळे बा’ची अफवा पसरली होती, ती अनेक वाचकांना आठवत असेल. रात्री एक चेटकीण दार ठोठावते, आपल्या माणसाच्या आवाजात हाक मारते आणि दार उघडणारा मरतो, अशी ती गोष्ट. उपाय एकच : दारावर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे लिहायचे. ती ते वाचून परत जाते, आणि दुसऱ्या रात्री तेच पुन्हा. या कथेचे साहित्य पाहा : एक दार, एक आवाज आणि खडूने लिहिलेले दोन शब्द. चेटकीण कशी दिसते हे कुणीच सांगत नाही, कारण पाहणारा जिवंत राहत नाही. आईची हाक खोटी असू शकते, एवढी एकच शंका ती मनात सोडते आणि माणसाला आयुष्यात जे सर्वांत भरवशाचे वाटते त्यालाच हात घालते. हे मूठभर साहित्य कोणत्याही संगणकीय दृश्यकरामतीपेक्षा अधिक काळ टिकले आहे.

आणखी एक गोष्ट चेहऱ्यांची. प्रसिद्ध नट पडद्यावर आला की तो शेवटपर्यंत वाचणार याचा हिशेब आपण नकळत मांडतो. अनोळखी चेहऱ्याबाबत तो हिशेब जुळत नाही. १९६८ साली पिट्सबर्गजवळ जॉर्ज रोमेरो यांनी स्थानिक मित्रांच्या मदतीने, सुमारे १ लाख १४ हजार डॉलरांत ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ केला, तेव्हा कृष्णधवल चित्रात रक्त म्हणून चॉकलेटचे सिरप चालून गेले. ज्याच्यावर प्रेक्षकाने पूर्ण वेळ भिस्त ठेवली त्या नायकाचे शेवटी काय होते, हे मात्र अद्याप कोणालाही पचलेले नाही. बड्या निर्मात्याने तो शेवट बदलून घेतला असता.

प्रश्न : कमी खर्चाच्या चित्रपटांचे अलीकडे फार कौतुक होते. स्वस्त चित्रपट बहुतेक वेळा वाईटच असतो, हे कोणी स्पष्ट का लिहीत नाही? (निवृत्त अधिकारी, टिळकवाडी)

उत्तर : मी लिहितो. कमी खर्चाचे बहुतेक भयपट वाईट असतात. त्यांचा आवाज नीट ऐकू येत नाही, अभिनय अवघडलेला असतो आणि कथेच्या नावाखाली दोन-तीन गाजलेल्या चित्रपटांची जुळवाजुळव असते. गरिबी हा कलेतला गुण नव्हे.

फरक पडतो तो एका ठिकाणी. काही चित्रपट मोठ्या चित्रपटाची स्वस्त नक्कल असतात. त्यांत पैशांची उणीव प्रत्येक दृश्यात टोचते. काही मोजके चित्रपट मुळातच तेवढ्या पैशांत बसतील असे सुचलेले असतात. १९६२ सालचा ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ हर्क हार्वी यांनी सुमारे ३३ हजार डॉलरांत केला. ते कॅन्सस राज्यात शैक्षणिक आणि औद्योगिक माहितीपट बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होते. युटा राज्यातल्या खाऱ्या सरोवराकाठची एक ओसाड करमणूकवास्तू प्रवासात त्यांच्या दृष्टीस पडली आणि त्या जागेवरून चित्रपट सुचला. आधी कथा आणि नंतर तिला साजेशी स्वस्त जागा, असा तो प्रवास नव्हता. म्हणून त्यात काही कमी आहे असे पाहताना वाटत नाही. आपण हा एक चित्रपट पाहावा आणि मग पुन्हा पत्र लिहावे, अशी विनंती आहे.

प्रश्न : आमचा ऊस आणि तंबाखूचा भाग. इंग्रजी चित्रपटांतली जंगले आणि लाकडी केबिन पाहून मला परकेपणा वाटतो. आपल्या मातीतला, आपल्या भाषेतला असा भयपट आहे का? (एक शेतकरी वाचक, निपाणी)

उत्तर : आहे, आणि तो आपल्या उसातच घडतो. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ २०१७ साली प्रदर्शित झाला. पूजा सावंत यांनी त्यात गरोदर स्त्रीची भूमिका केली आहे. ती नवऱ्याबरोबर गावाबाहेरच्या एका घरात येऊन राहते, आणि त्या घराला चहूबाजूंनी ऊस आहे. पुढे याच दिग्दर्शकाने ही कथा ‘छोरी’ या नावाने हिंदीत केली आणि ती २०२१ मध्ये आली. मी मराठी चित्रपट आधी पाहावा असे सुचवेन.

उसाचे रान शहरी प्रेक्षकाला नवे वाटते. आपल्याला त्याची वेगळी कहाणी ठाऊक आहे. दहा-बारा महिन्यांचा ऊस माणसाच्या डोक्यावर जातो. सरीत दोन पावले आत शिरले की बांध दिसेनासा होतो, पाचट पायाखाली चुरचुरते आणि वारा नसतानाही वर पाने एकमेकांवर घासत राहतात. आत कुणी असेल तर ते रानडुक्कर आहे, कोल्हा आहे की माणूस, हे हाताच्या अंतरावर येईपर्यंत कळत नाही. आणि मग एके दिवशी तोड येते, दोन दिवसांत सारे रान मोकळे होते आणि गेले वर्षभर जेथे काहीतरी दडलेले वाटत होते तेथे केवळ बुडखे उरतात. दडणे आणि उघडे पडणे हे दोन्ही ज्या पिकात आहे, ते भयकथेसाठी देवानेच दिलेले नेपथ्य आहे. निपाणी-चिकोडी पट्ट्यातून फिरताना मला कायम वाटते की येथे अजून कितीतरी कथा उभ्या आहेत.

‘लपाछपी’ मला महत्त्वाचा वाटतो त्याचे कारण मात्र उसापलीकडचे आहे. त्यातली भीती अखेर मुलगी नको म्हणणाऱ्या जिवंत माणसांपाशी येऊन पोहोचते. गावातल्या आयाबायांना ती भीती चित्रपटगृहात जाऊन शिकावी लागत नाही.

हिंदीतली रामसे बंधूंची उदाहरणे जुन्या वाचकांना आठवतील. १९७२ चा ‘दो गज ज़मीन के नीचे’ त्यांनी महाबळेश्वरला सारे कुटुंब बरोबर नेऊन केला. एक भाऊ कॅमेऱ्यामागे, एक ध्वनिमुद्रणावर, एक संकलनात, अशी ती घरचीच वाटणी होती. त्यांचे मुखवटे आज कच्चे वाटतात, हे मान्य. आपल्याला कन्नड समजत असेल तर २०१३ सालचा ‘६-५=२’ हाही पाहावा. डोंगरात भटकंतीला गेलेल्या मित्रांच्या कॅमेऱ्यात सापडलेले चित्रण, असा त्याचा साचा आहे. साचा अमेरिकेतून आला, पण दमट रान, घाट आणि मित्रांची थट्टामस्करी येथली आहे, आणि त्या थट्टामस्करीमुळेच पुढचे खरे वाटते.

प्रश्न : अंधश्रद्धेविरुद्ध आम्ही गावोगाव बोलतो. कर्नाटकात २०१७ साली अघोरी प्रथांविरुद्ध कायदाही झाला. अशा वेळी भुताखेतांचे चित्रपट लोकांसमोर आणणे आणि त्यांचे कौतुक करणे योग्य आहे का? (एक कार्यकर्ता, हुक्केरी)

उत्तर : आपला प्रश्न मी टाळणार नाही, कारण त्यातली काळजी खरी आहे. भयपट पाहणारा माणूस दीड तासापुरती भीती स्वखुशीने पत्करतो. छाती धडधडते, तळहातांना घाम येतो, आणि दिवे लागले की तीच धडधड सुटकेच्या आनंदात बदलते; शरीराला धोक्याची तयारी करता आली आणि धोका मात्र आला नाही, याचे ते समाधान असते. या सगळ्यात आपण खोटे पाहत आहोत, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. देवऋषी किंवा मांत्रिक भीती दाखवतो तेव्हा समोरच्याला तसे ठाऊक नसते. तो भीती देतो आणि ती परत घेत नाही; उलट तिच्यावर पैसे उकळतो. या दोन गोष्टी मी एका मापाने मोजणार नाही.

मात्र ही सीमा काही चित्रपटकार मुद्दाम पुसतात. वर ज्याचे कौतुक केले त्याच ‘ब्लेअर विच’च्या वेळी कलाकार खरोखर बेपत्ता आहेत असा प्रचार केला गेला, आणि त्यातील अभिनेत्रीच्या आईला सांत्वनाची पत्रे आली. ही युक्ती यशस्वी झाली म्हणून ती योग्य ठरत नाही. आपल्याकडे, जेथे एखाद्या एकट्या वृद्धेला करणी करणारी म्हणून वाळीत टाकले जाऊ शकते, तेथे ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी लावताना चित्रपटकाराने दहा वेळा विचार केला पाहिजे. पांढऱ्या केसांची विधवा, कुबड असलेला नोकर, वेडसर भिकारी यांनाच पुन्हा पुन्हा भूत करणे हाही आळशीपणा आहे आणि तो क्रूर आहे. आपल्या कार्यक्रमांत एखादा भयपट दाखवून, नंतर त्यातला प्रत्येक आवाज आणि प्रत्येक सावली कशी तयार केली हे समजावून सांगता आले, तर चमत्काराचे प्रयोग करून दाखवण्याइतकाच त्याचा उपयोग होईल, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा रात्री पांघरुणात मोबाइलवर असे चित्रपट पाहतो. बंदी घालावी का? (एक आई, चिकोडी)

उत्तर : चित्रपटाला बंदी घालण्यापेक्षा पांघरुणाला घालावी. एकट्याने, रात्री, कानांत हेडफोन घालून भयपट पाहणे हे मोठ्यांनाही जड जाते. प्रमाणपत्र पाहण्याची सवय लावा : चित्रपटगृहातील चित्रपटांना आता ‘यूए’मध्ये ७+, १३+ आणि १६+ असे वयोगट आहेत, आणि ओटीटीवर २०२१ च्या नियमांनुसार १३+ व त्यावरील चित्रपटांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यावीच लागते. ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट त्याला आताच नको. बाकीचे आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, आपण शेजारी बसून पाहावेत. झोप उडत असेल, एकटे राहायला तो घाबरू लागला असेल, तर काही महिने पूर्ण थांबवावे आणि गरज वाटल्यास डॉक्टरांशी बोलावे.

प्रश्न : आम्ही शहापूरचे चौघे मित्र आहोत. चाळीस हजार रुपये जमवले आहेत आणि वीस मिनिटांचा भयपट करायचा आहे. पैसे कशावर खर्च करावेत? कॅमेरा भाड्याने घ्यावा का? (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : तुमचे पत्र वाचून फार आनंद झाला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कॅमेऱ्यावर पैसे घालू नका. तुमच्यापैकी एकाकडे बऱ्यापैकी मोबाइल असेलच; तो ट्रायपॉडवर घट्ट बसवा. ओरेन पेली यांनी ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ सुमारे १५ हजार डॉलरांत, सॅन दिएगोतल्या स्वतःच्या घरी, आठवडाभरात चित्रित केला. त्यातली सर्वांत भयंकर दृश्ये म्हणजे झोपलेले जोडपे, उघडे दार आणि न हलणारा कॅमेरा. काही घडत नाही. कोपऱ्यातली वेळ पुढे सरकते आणि दार काही इंच हलते. कॅमेरा हलत नसल्यामुळे कोठे पाहावे हे प्रेक्षकाला कोणी सांगत नाही, म्हणून तो चित्राचा प्रत्येक कोपरा स्वतः तपासत बसतो. २००७ साली तयार झालेला तो चित्रपट २००९ मध्ये सर्वत्र झळकला आणि त्याने १९ कोटी डॉलरांहून अधिक कमावले. तुम्हाला ते आकडे नकोत. ती शांत चौकट हवी आहे. कॅमेरा पळवायचाच असेल, तर सॅम रायमी यांनी ‘द इव्हिल डेड’साठी केले तेच करा : एका लाकडी फळीच्या मध्यभागी कॅमेरा बसवायचा आणि दोघांनी दोन टोके धरून धावायचे.

पैशांचा मोठा वाटा आवाजावर खर्च करा. चांगला रेकॉर्डर आणि माईक भाड्याने आणा, शक्य तर ध्वनी मिसळणाऱ्या जाणत्या माणसाला चार दिवसांचे मानधन द्या. धूसर चित्र प्रेक्षक चालवून घेतो; अस्पष्ट आवाज आला की तो उठून जातो. प्रत्येक खोलीत सर्वांनी गप्प बसून दोन मिनिटांची शांतता मुद्रित करा, कारण प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते आणि संकलनात ती लागते. जून ते सप्टेंबरमध्ये पत्र्याच्या छपराखाली संवाद घेऊ नका. पावसात काही ऐकू येणार नाही. तो पाऊस वेगळा मुद्रित करून ठेवा. संगीताचे म्हणाल तर जॉन कार्पेंटर यांनी १९७८ च्या ‘हॅलोवीन’चे संगीत स्वतःच केले, आणि पाच मात्रांच्या त्या साध्या सुरावटीशिवाय तो चित्रपट निम्मा उरतो. त्यातल्या खुन्याचा मुखवटाही दुकानातून दोन डॉलरांच्या आत आणलेला होता. केवळ पांढरा रंगवला आणि डोळ्यांची भोके मोठी केली.

प्रकाशाबाबत तुम्हाला बाहेर शिकायला जाण्याची गरज नाही. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथांवर तुम्ही काम केले असेल. मी बारा वर्षांचा असताना आमच्या गल्लीच्या चित्ररथावर बल्बसमोर पिवळा जिलेटिन कागद धरण्याचे काम माझ्याकडे होते. देखाव्यातला मावळा म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचे पानपट्टीवाले काका. मिरवणूक पुढे सरकताना बल्ब घसरून त्यांच्या पायांशी गेला आणि उजेड खालून वर चेहऱ्यावर पडला. रोज पाहिलेला तो चेहरा मला क्षणभर ओळखू आला नाही. डोळ्यांच्या खोबणी वर सरकल्या होत्या आणि हनुवटी नाहीशी झाली होती. मुखवटा, रंग, रक्त काही नव्हते. बल्बची जागा बदलली होती, एवढेच. तुमच्या गल्लीत सजीव देखावे करणारे, धूर सोडणारे, मिशा चिकटवणारे जे हात आहेत, त्यांना बोलवा आणि त्यांच्या नावांना श्रेय द्या.

भीमगड अभयारण्यात किंवा कोणत्याही राखीव जंगलात वन खात्याच्या परवानगीविना जाऊ नका. विहिरीच्या काठावर आणि रेल्वे रुळांवर चित्रीकरण नको. सर्वांच्या जेवणाचे आणि रात्री घरी पोहोचवण्याचे पैसे आधी बाजूला काढा.

आता कथा. तुम्ही पत्रात शेवटी विचारले आहे की पात्रांनी पुण्याची मराठी बोलावी का. मुळीच बोलू नये. भयपट आधी विश्वास मिळवतो, आणि शहापुरातले घर पुण्याच्या बोलीत बोलू लागले की तो विश्वास पहिल्याच वाक्याला जातो. तुम्ही घरी जी मराठी बोलता तीच राहू द्या. बाजारात, बसमध्ये, शेजाऱ्यांशी जसे कन्नड येते तसे येऊ द्या. दोन भाषांत वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते की आपण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतो, हे कधी ठरवावे लागत नाही. माणूस समोर आला की जीभ आपोआप वळते. या सवयीत एक भयकथा दडलेली आहे, आणि ती मुंबईच्या किंवा बंगळुरूच्या चित्रपटकाराला सहसा सुचणार नाही. असे समजा की एका मुलाशी त्याची आजी आयुष्यभर मराठीतच बोलत आली. एका रात्री बंद दाराबाहेरून तिची हाक येते. आवाज तिचाच आहे, खोकलाही तिचाच, नावही ती नेहमी घेते तसेच घेते आहे. पण ती कन्नडमध्ये बोलते आहे. कन्नड घरातल्या मुलाला हीच हाक मराठीत आली तरी तेच होईल. भाषा कोणतीही भयाण नसते, चुकीच्या माणसाच्या तोंडी ती आली की अंगावर काटा येतो. वर सांगितलेल्या ‘नाळे बा’चीच ही पुढची पायरी आहे, असे मला वाटते, आणि तुम्हाला आवडली तर ती तुमची.

ती हाक मुद्रित करताना मात्र स्टुडिओत जाऊ नका. एखाद्या वृद्ध बाईंना जुन्या घराच्या पडवीत उभे करा, जाड लाकडी दार लावून घ्या आणि माईक आत, मुलाच्या अंथरुणाशी ठेवा. लाकूड आवाजातली धार शोषून घेते आणि खालचा, घोगरा भाग तेवढा आत येऊ देते, त्यामुळे शब्द अर्धवट कळतील आणि मुलाप्रमाणे प्रेक्षकालाही ऐकण्यासाठी दाराजवळ जावेसे वाटेल. त्यांना तीनदा हाक मारायला सांगा. पहिल्या दोन हाका मराठीत घ्या.